लहान मुलांचं लिव्हर ट्रान्सप्लांट: कुठल्या संशोधनाने काय बदललं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ट्रान्सप्लांटचं नाव निघालं की घरात सगळेच गुगल करायला बसतात, आणि मग कुणीतरी एखाद्या इंग्लिश पेपरचा स्क्रीनशॉट पाठवून विचारतं, "यात ६० टक्के लिहिलंय, म्हणजे आमच्या पिल्लाचं काय?" सारखे येणारे असे प्रश्न इथे एकत्र केलेत. माझं एकच कळकळीचं सांगणं आहे, आकडा बघितला की आधी तो कुठल्या मुलांचा आहे ते बघा, तेवढं केलंत तर निम्मी भीती आणि निम्मी खोटी आशा दोन्ही जातात. औषधाचा डोस, ऑपरेशनची वेळ वगैरे मात्र तुमच्या टीमलाच विचारा.

१. लहान मुलांचं लिव्हर खराब होतंच कसं? ती काय दारू पितात का?

हा प्रश्न बहुतेक वेळा नातेवाईकांकडून येतो आणि आईला फार लागतो, म्हणून आधी घेतला. मुलांमध्ये ट्रान्सप्लांटचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे बिलिअरी अट्रेशिया, यात जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच लिव्हरबाहेरच्या पित्तनलिका बंद होऊन जातात, पित्त आत तुंबतं आणि लिव्हर कडक होत जातं. आईने गरोदरपणात काय खाल्लं याच्याशी त्याचा संबंध नाही. बाकी कारणं म्हणजे विल्सन्स, टायरोसिनेमियासारखे मेटाबॉलिक आजार, अचानक होणारं लिव्हर फेल्युअर, काही आनुवंशिक पित्ताचे आजार आणि लिव्हरचे ट्यूमर (प्र. १२).

२. बिलिअरी अट्रेशियात आधी कसाई ऑपरेशन करा म्हणतात. शेवटी ट्रान्सप्लांट लागणारच असेल तर डायरेक्ट तेच का नाही?

कारण कसाईने वेळ मिळतो, आणि काही मुलांना तर अख्खं बालपण मिळतं. जपानमधल्या सेंदाईचे सर्जन मोरिओ कसाई यांनी १९५० च्या दशकात हे ऑपरेशन काढलं. बंद नलिका काढून आतडं थेट लिव्हरच्या तोंडाशी जोडायचं. त्याआधी या आजाराला उपायच नव्हता म्हटलं तरी चालेल. आणि त्यांच्या अनुभवातून जी गोष्ट पुढे आली ती अजून तशीच खरी आहे, बाळ साधारण ६० दिवसांचं व्हायच्या आत ऑपरेशन झालं तर निकाल चांगला, उशीर झाला की शक्यता घसरत जाते.

यावरचं मला सगळ्यात आवडणारं संशोधन तैवानचं आहे. तिथे आईच्या हातात शीच्या रंगांचं एक कार्ड द्यायला लागले, २००४ पासून देशभर. फिकट, मातकट पांढरी शी दिसली की फोन करायचा, बस. वर्षभरात ६० दिवसांच्या आत कसाई होणाऱ्या बाळांचं प्रमाण ६० वरून ७४ टक्क्यांवर गेलं. मग अमेरिकेत टेक्ससमध्ये नवजात बाळांचं डायरेक्ट बिलिरुबिन (पित्त तुंबतंय का हे दाखवणारी रक्ततपासणी) दोनदा तपासून बघितलं, सव्वा लाखाच्या आसपास बाळं तपासली, २०२० मध्ये हे छापून आलं, आणि कसाईचं सरासरी वय ५६ दिवसांवरून ३६ दिवसांवर आलं. आपल्याकडे मात्र अजून "कोवळ्या उन्हात धरा, जाईल कावीळ" यात महिना निघून जातो. दोन आठवड्यांनंतरही कावीळ असेल तर डायरेक्ट बिलिरुबिन करून घ्याच, आणि शी पांढरट दिसली तर दोन आठवडे सुद्धा थांबू नका. एवढं एक वाक्य शेजारच्या, नात्यातल्या प्रत्येक बाळंतिणीपर्यंत पोचवा.

स्टेरॉइडबद्दल पण विचारतात. कसाईनंतर जास्त डोसची स्टेरॉइड दिली तर पित्त चांगलं वाहील अशी आशा होती, पण १४० बाळांच्या अमेरिकन ट्रायलमध्ये (२०१४) ठोस फायदा सिद्ध झाला नाही.

३. मुलांमधलं पहिलं ट्रान्सप्लांट कुणी केलं? ते यशस्वी झालं का?

खरं तर माणसातलं पहिलंच लिव्हर ट्रान्सप्लांट एका लहान मुलावर झालं. १ मार्च १९६३, अमेरिकेतलं डेन्व्हर, सर्जन थॉमस स्टार्झल, पेशंट तीन वर्षांचा, बिलिअरी अट्रेशिया. रक्तस्राव थांबेना आणि मूल टेबलवरच गेलं. त्यानंतरचे पेशंटसुद्धा काही आठवड्यांच्या वर जगले नाहीत, मग स्टार्झल यांनी स्वतःहून काम थांबवलं, परत प्राण्यांवरच्या प्रयोगांकडे गेले आणि १९६७ मध्ये पुन्हा सुरुवात केली. त्या वर्षी लिव्हरचा ट्यूमर असलेली दीड वर्षाची एक मुलगी ट्रान्सप्लांटनंतर वर्षाहून जास्त जगली, शेवटी गेली ती कॅन्सर पसरल्यामुळे. त्या मुलांच्या आईबापांनी काय मनाने संमती दिली असेल याचा मी खूपदा विचार करते. आज आपल्या मुलांना जे मिळतंय ते तिथून आलंय.

४. मग एवढ्या वाईट सुरुवातीनंतर रिझल्ट सुधारले कशामुळे?

मुख्य म्हणजे औषधामुळे. शरीर नवीन लिव्हरला परकं समजून त्यावर हल्ला करतं, त्याला रिजेक्शन म्हणतात, आणि ते होऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात. सुरुवातीला अझाथायोप्रिन आणि स्टेरॉइडवर काम चालायचं आणि वर्षभर जगणारे पेशंट तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच असायचे. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत जाँ-फ्रान्स्वा बोरेल वगैरेंनी मातीतल्या एका बुरशीपासून मिळालेलं सायक्लोस्पोरिन अभ्यासलं, केंब्रिजच्या रॉय कान यांनी १९७८ मध्ये ते पेशंटमध्ये वापरलं, स्टार्झल यांनी स्टेरॉइडबरोबर दिलं, आणि वर्षभर जगण्याचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास गेलं. १९८३ मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने बैठक घेऊन लिव्हर ट्रान्सप्लांट आता प्रयोग राहिला नाही, उपचार आहे, असं जाहीर केलं.

टॅक्रोलिमस त्यानंतरचं, जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या मातीतल्या जिवाणूपासून १९८४ मध्ये सापडलेलं, पिट्सबर्गमधून १९८९ मध्ये पेशंटमधला पहिला रिपोर्ट आला. मुलांसाठी निर्णायक ठरली ती डीयर्ड केली यांची युरोपातली ट्रायल (लॅन्सेट, २००४). सायक्लोस्पोरिनशी थेट तुलना केली आणि टॅक्रोवर रिजेक्शन स्पष्टपणे कमी निघालं. शिवाय सायक्लोस्पोरिनने अंगावर केस वाढायचे, हिरड्या सुजायच्या, आणि वयात येणाऱ्या मुलीसाठी ही छोटी गोष्ट नाही हो. म्हणून आज बहुतेक मुलं टॅक्रोवर असतात.

५. मोठ्या माणसाचं लिव्हर बाळाच्या पोटात मावतं कसं?

अख्खं मावत नाही. आधी मुलांना मुलांचंच लिव्हर द्यावं लागायचं आणि तेवढे छोटे डोनर मिळायचे नाहीत, त्यामुळे किती तरी बाळं वाट बघत जायची. वाट उघडली ती शरीररचनेच्या अभ्यासामुळे. फ्रान्सच्या क्लोद कुईनो यांनी १९५७ मध्ये दाखवलं की लिव्हरचे आठ भाग असतात आणि प्रत्येकाची रक्ताची आणि पित्ताची व्यवस्था वेगळी असते. म्हणजे नीट कापलं तर एक भाग स्वतंत्रपणे जगू शकतो. अँरी बिस्मथ यांनी १९८४ मध्ये मोठ्यांचं लिव्हर छाटून मुलाला बसवलं, पण उरलेला भाग वाया जायचा. मग १९८८ मध्ये हॅनोव्हरच्या रुडॉल्फ पिश्लमायर यांनी एकच लिव्हर दोन पेशंटमध्ये वाटलं, त्यालाच स्प्लिट म्हणतात, डावा छोटा भाग मुलाला आणि उजवा मोठा भाग मोठ्या माणसाला.

बाळाला साधारणपणे भाग २ आणि ३ देतात, लेफ्ट लॅटरल म्हणतात ते, वजन अंदाजे २०० ते ३०० ग्रॅम. डॉक्टर जी जीआरडब्ल्यूआर टक्केवारी सांगतात ती म्हणजे ग्राफ्टचं (बसवलेल्या तुकड्याचं) वजन भागिले मुलाचं वजन. क्योतोच्या टीमने १९९९ मध्ये दाखवलं की हे १ टक्क्याच्या खाली गेलं की ग्राफ्ट टिकण्याचं प्रमाण घसरतं. बाळांमध्ये अडचण बऱ्याचदा उलटी असते, ६ किलोच्या बाळाला २५० ग्रॅमचा तुकडा म्हणजे ४ टक्क्यांच्या वर, पोट बंद करायला जड जातं आणि रक्तपुरवठा अपुरा पडू शकतो, म्हणून कधी कधी तो आणखी छाटतात.

अजून एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. बाळाची लिव्हरला जाणारी धमनी दोन-तीन मिलिमीटरची असते आणि ती गुठळीने बंद पडणं हे ग्राफ्ट जाण्याचं मोठं कारण होतं. क्योतोमध्ये १९९० च्या सुरुवातीला ऑपरेशनच्या मायक्रोस्कोपखाली ही धमनी शिवायला लागले आणि ते प्रमाण खूप खाली आलं.

६. आईच्या किंवा बाबांच्या लिव्हरचा तुकडा द्यायला कधीपासून लागले? देणाऱ्याला धोका किती?

पहिला प्रयत्न ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या सिल्व्हानो राइया यांनी १९८८ मध्ये केला, मूल वाचलं नाही. पहिलं यश जुलै १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला, रसेल स्ट्राँग यांनी एका जपानी आईच्या लिव्हरचा भाग तिच्या मुलाला बसवला. त्याच वर्षी शिकागोत क्रिस्तोफ ब्रॉल्श यांच्या टीमने ऑपरेशनच्या आधी त्यातले नैतिक प्रश्न जर्नलमध्ये उघडपणे मांडले, की धडधाकट माणसाला कापण्याचा हक्क डॉक्टरला आहे का, आईची संमती ही खरंच मोकळी संमती असते का, आणि मगच नोव्हेंबरमध्ये पहिलं ऑपरेशन केलं. तंत्राइतकाच तो पेपर महत्त्वाचा आहे असं मला वाटतं, आज आपल्याकडे डोनरची वेगळी मुलाखत, कमिटी, व्हिडिओ शूटिंग हे सगळं त्याच प्रश्नांचं उत्तर आहे, त्यामुळे वैतागू नका.

पुढे हे तंत्र मुख्यतः जपानने वाढवलं, कोइची तानाका यांच्या क्योतोच्या टीमने १९९० पासून, कारण तिथे ब्रेन डेथचा अवयवदान कायदा १९९७ पर्यंत नव्हताच. आपल्याकडे कायदा १९९४ चा. भारतातलं पहिलं यशस्वी बाल-ट्रान्सप्लांट नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलोत झालं, कांचीपुरमचं वीस महिन्यांच्या आसपासचं बाळ, डोनर वडील. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला.

धोक्याबद्दल. डावा छोटा भाग देणं हे उजवा भाग देण्यापेक्षा बरंच सुरक्षित आहे, जिवाला धोका हजारात एकाच्या आसपास सांगितला जातो. लहान आकडा आहे पण शून्य नाही, आणि जी टीम शून्य म्हणते तिला अजून प्रश्न विचारा. पॅरिसमध्ये डॅनिएल शेर्की यांनी २००२ मध्ये दुर्बिणीने हा भाग काढून दाखवला, त्यानंतर बऱ्याच सेंटरला डोनरची जखम छोटी आणि घरी जाणं लवकर झालंय. राहिलेलं लिव्हर वाढून भरून निघतं, काढलेला भाग पुन्हा जसाच्या तसा उगवत नाही, पण काम पूर्ण होतं.

७. ब्लड ग्रुप जुळत नाही. मग संपलं का सगळं?

नाही. खूप लहान बाळांमध्ये, विशेषतः वर्षाच्या आतल्या, दुसऱ्या ग्रुपविरुद्धच्या अँटिबॉडी अजून नीट तयार झालेल्या नसतात म्हणून निकाल चांगले येतात. मोठ्या मुलांसाठी जपानमध्ये रिटुक्सिमॅब (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी कमी करणारं औषध) आधी देऊन करायला लागले तेव्हापासून चित्र बदललं. खर्च आणि इन्फेक्शनचा धोका वाढतो हे लक्षात घ्या. एचएलए (टिश्यू टाइप) जुळण्याची किडनीसारखी अट इथे नसते.

८. घरात कुणीच डोनर होऊ शकत नाही. वेटिंग लिस्टवर मुलांना प्राधान्य मिळतं का, पेल्ड स्कोअर काय असतो?

पेल्ड म्हणजे वेटिंग लिस्टवर कुठल्या मुलाला घाई जास्त ते सांगणारा आकडा, अमेरिकेत २००२ पासून आहे. तिथल्या आणि कॅनडाच्या मुलांच्या रजिस्ट्रीच्या डेटावरून (तिचं नाव स्प्लिटच आहे, प्र. ५ मधल्या ऑपरेशनशी घोळ करू नका) कुठलं मूल लवकर दगावू शकतं हे शोधलं. त्यात बघतात बिलिरुबिन, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), वाढ खुंटलीय का, आणि वय वर्षाच्या आत आहे का. बारा वर्षांच्या आतल्यांसाठी हा स्कोअर. २०२३ मध्ये तिथे तो सुधारला, त्यात क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आलं. स्कोअर कमी म्हणजे मूल बरंय असं धरू नका, असह्य खाज किंवा परत परत होणारं पित्तनलिकेचं इन्फेक्शन त्यात पकडलं जात नाही.

इटलीने २०१५ मध्ये नियम केला की १८ ते ५० वयातल्या चांगल्या डोनरचं लिव्हर आधी मुलासाठी स्प्लिट करता येतं का बघायचं. फार शहाणा नियम वाटतो मला. महाराष्ट्रात वाटप झेडटीसीसीकडून, म्हणजे अवयव वाटपाच्या विभागीय केंद्रांकडून होतं (मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद), नाव हॉस्पिटलमार्फत लागतं, आणि सध्याचे नियम तिथल्या को-ऑर्डिनेटरलाच विचारा.

९. टॅक्रोची लेव्हल सारखी वरखाली होते. डॉक्टर एवढे का रागावतात?

कारण या विषयावर खूप चांगलं काम झालंय. ईयल शेमेश आणि सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली, मुलाच्या टॅक्रो लेव्हल्स घेऊन त्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढलं, म्हणजे लेव्हल किती हेलकावे खाते तो आकडा. ४०० मुलांच्या अभ्यासात (२०१७) टीनएजर्समध्ये हा आकडा २ च्या वर असलेल्यांपैकी ५३ टक्क्यांना पुढे उशिराचं रिजेक्शन झालं, २ च्या आत असलेल्यांपैकी ६ टक्क्यांना. केवढा फरक आहे बघा! लेव्हल सरासरीने ठीक दिसत असली तरी मधे मधे गोळी चुकतेय हे यातून कळतं.

पण प्रत्येक वेळी गोळीच चुकलेली असते असंही नाही. जुलाबात टॅक्रो लेव्हल वाढते, क्लॅरिथ्रोमायसिन आणि फ्लुकोनॅझोलने वाढते, आणि टीबीच्या रिफाम्पिसिनने एकदम खाली येते. म्हणून कुठल्याही डॉक्टरने नवीन गोळी लिहिली की आधी ट्रान्सप्लांट टीमला मेसेज टाका. वयात येणाऱ्या मुलामुलींवर आरडाओरडा करून काही होत नाही, अलार्म लावा, डबी करा, आणि "कंटाळा आलाय" हे त्यांना न घाबरता बोलू द्या.

१०. "ट्रान्सप्लांटनंतर गोळ्या बंद झाल्या" असा लेख वाचला. आमच्या मुलीच्या करता येतील?

स्वतःहून कधीच नाही, हे आधी. आता संशोधन. सँडी फेंग यांच्या टीमने २०१२ मध्ये आईबाबांचं लिव्हर मिळालेल्या २० मुलांच्या गोळ्या हळूहळू बंद केल्या, १२ जणांचं लिव्हर गोळ्यांशिवाय चांगलं राहिलं. तोच तो ६० टक्के आकडा जो सगळीकडे फिरतो. पण ती २० मुलं निवडून घेतलेली होती, स्थिर, बायोप्सी (सुईने लिव्हरचा बारीक तुकडा काढून केलेली तपासणी) चांगली. पुढे त्यांनीच ८८ मुलांवर मोठा अभ्यास केला (२०२१), त्यात ३३ जणांना जमलं, म्हणजे ३७.५ टक्के. क्योतोमध्येही काही मुलांच्या गोळ्या अशाच बंद झाल्यात. जमेल कुणाला हे आधी खात्रीने सांगणारी टेस्ट अजून रोजच्या वापरात नाही, त्यामुळे हे सगळं ट्रायलच्या आत, वारंवार रक्ततपासणी आणि बायोप्सी करत होतं.

११. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग पाच वर्षांनी बायोप्सी कशाला?

बर्मिंगहॅमच्या टीमने २००६ मध्ये ठरावीक वर्षांनी केलेल्या बायोप्सींचा अभ्यास छापला. वरवर छान दिसणाऱ्या मुलांमध्ये हिपॅटायटिससारखी सूज एका वर्षाने २२, पाच वर्षांनी ४३ आणि दहा वर्षांनी ६४ टक्के मुलांमध्ये दिसली, आणि बरोबर फायब्रोसिसही (लिव्हरमध्ये व्रण पडून ते कडक होणं) वाढत गेला. रक्ताच्या रिपोर्टमध्ये बऱ्याचदा फारसं काही नव्हतं. त्याआधी १९९८ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून नंदा केरकर आणि सहकाऱ्यांनी १८० पैकी ७ मुलांमध्ये नव्याने झालेला ऑटोइम्यून हिपॅटायटिस (प्रतिकारशक्तीनेच लिव्हरला आणलेली सूज) दाखवला होता, आणि तो ओळखला तर स्टेरॉइडने आटोक्यात येतो. म्हणून बरीच सेंटर बायोप्सी करतात, काही करत नाहीत, यावर अजून एकमत नाही. प्र. १० मधला गोळ्या कमी करण्याचा विचारसुद्धा बायोप्सी न बघता करू नये तो याचमुळे.

१२. कॅन्सर असताना ट्रान्सप्लांट? प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांनी तो परत येणार नाही का?

हिपॅटोब्लास्टोमा या लहान मुलांच्या लिव्हरच्या कॅन्सरमध्ये करतात, केमो देऊनही ट्यूमर काढता येत नसेल तर. बेल्जियमचे जाँ-बर्नार ओट यांनी २००४ मध्ये जगभरचा अनुभव एकत्र केला. सरळ ट्रान्सप्लांट केलेल्या मुलांपैकी ८२ टक्के सहा वर्षांनी जिवंत होती, आधी अर्धवट ऑपरेशन फसून मग ट्रान्सप्लांट केलेल्यांत ३० टक्के. म्हणून मोठ्या ट्यूमरचं मूल पहिल्या केमोच्या वेळीच ट्रान्सप्लांट सेंटरला दाखवा, नंतर नाही.

१३. लिव्हर "चांगलं" असूनही काढतात म्हणे, हे खरंय का?

हो, मेपल सिरप युरिन डिसीज किंवा क्रिग्लर-नज्जारसारख्या आजारात. लिव्हर दिसायला, बाकी कामाला ठणठणीत, फक्त एक एन्झाइम नाही. मेपल सिरपमध्ये तर मुलाचं काढलेलं लिव्हर दुसऱ्या पेशंटला देतात, डॉमिनो म्हणतात त्याला, कारण त्या दुसऱ्याच्या स्नायूंमध्ये ते एन्झाइम असतं. आईबाबा स्वतः कॅरिअर असतील (म्हणजे आजार नाही, पण त्याचं जीन अंगात आहे) तर चालतं का हे पण विचारतात. क्योतोच्या २००५ च्या अनुभवात कॅरिअर पालक बहुतेक आजारांत डोनर म्हणून चालले, पण ओटीसी डेफिशियन्सीसारखे (रक्तात अमोनिया साठण्याचा आनुवंशिक आजार) अपवाद आहेत, तिथे आईची नीट तपासणी लागते.

१४. दहा वर्षांनी ही मुलं कशी असतात? शाळा, उंची, सगळं?

अमेरिका-कॅनडाच्या रजिस्ट्रीने दहा वर्षं पूर्ण केलेल्या १६७ मुलांचा हिशेब मांडला (२०१२). पहिलंच लिव्हर टिकलंय, एकाच औषधावर स्थिर, वाढ नॉर्मल, औषधाचे दुष्परिणाम नाहीत, अशी सगळ्या कसोट्या पार करणारी ३२ टक्के निघाली. ऐकून धस्स होतं, पण बाकीची मुलं आजारी पडून आहेत असा त्याचा अर्थ नाही, कुणाची उंची थोडी कमी, कुणाची किडनी जपावी लागते, असं. अभ्यासाबद्दल दुसऱ्या एका अभ्यासात पाच-सहा वर्षांच्या ट्रान्सप्लांट झालेल्या मुलांपैकी २६ टक्क्यांचा आयक्यू थोडा कमी पट्ट्यात होता, सर्वसाधारण मुलांत ते १४ टक्के अपेक्षित असतं. म्हणून शाळेत मागे पडतंय वाटलं तर "आजारी होता ना" म्हणून सोडून देऊ नका, चाचणी करून घ्या, लवकर मदत मिळाली तर उपयोग होतो.

१५. हे सगळे परदेशातले आकडे. आपल्याला लागू होतात का?

काही होतात, काही नाही. अमेरिकेतली बहुतेक मुलं मृत डोनरचं लिव्हर घेतात, आपल्याकडे बहुतेकांना आईबाबांचं मिळतं, म्हणजे वेटिंग लिस्टचे आकडे आपले नाहीत, जपानचे जास्त जवळचे आहेत. दुसरीकडे आपली मुलं उशिरा पोचतात, कुपोषित पोचतात, आणि टीबीसारखी इन्फेक्शन इथे जास्त. त्यामुळे ट्रान्सप्लांटआधीचे दोन-तीन महिने वजन वाढवायला देणं, एमसीटी तेल (सहज पचणारं तेल), रात्रीचं ट्यूब फीडिंग, हे डॉक्टर सांगतात तेव्हा ते मनापासून करा. नाकातली नळी बघून आजी रडते, समजू शकते मी, पण त्या नळीने मिळालेलं वजन ऑपरेशनला खरंच कामी येतं.

१६. लसींचं काय? आणि पल्स पोलिओचे थेंब?

ट्रान्सप्लांटआधी जेवढ्या होतील तेवढ्या लसी उरकायच्या, एमएमआर गरज पडली तर सहा महिन्यांपासून देतात. नंतर निष्क्रिय लसी (फ्लू, न्यूमोकोकल, हिपॅटायटिस बी वगैरे) चालतात. जिवंत लसी पूर्वी सरसकट बंद होत्या, पण जिनिव्हाच्या टीमने २०१२ मध्ये कांजिण्यांची लस निवडक स्थिर मुलांना सुरक्षितपणे देऊन दाखवली, त्यानंतर काही सेंटर औषधांचा डोस आणि रक्तातल्या पेशी बघून देतात. तुमच्या टीमच्या लेखी होकाराशिवाय नाही.

पोलिओचे तोंडी थेंब जिवंत लस आहे. ट्रान्सप्लांट झालेल्या मुलाला द्यायचे नाहीत, आणि घरातल्या भावंडांना पण नाही, कारण तो विषाणू शीतून बाहेर पडतो. भावंडांना इंजेक्शनची पोलिओ लस द्या. पल्स पोलिओच्या दिवशी दारात येणाऱ्या ताई त्यांचं काम करत असतात, त्यांना ट्रान्सप्लांटचं कार्ड दाखवून सांगितलं की त्या नोंद करून जातात.